वरच्या वस्तीचं टपाल

"ही बघ गुरांची वाट," सासऱ्यांनी काठी उचलून डावीकडे रोखली. "आता डोळे मिटून चालायचं. तुझी ती डबी ठेव पिशवीत."

ती डबी म्हणजे होकायंत्र होतं, आणि त्याचा बाण डावीकडे नव्हता. सुनेने एकदा बाणाकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांच्या पाठीकडे. तोवर पाठ चालू लागली होती. उजवा गुडघा जरा बाहेर फेकत, काठी टेकत, सत्तरीतला माणूस असा झपाझप निघाला होता की त्याला हाक मारून थांबवणं तिच्या जिवावर आलं. ती मागोमाग निघाली. होकायंत्र मात्र तिने पिशवीत ठेवलं नाही.

आता चहूकडे धुकं होतं, पण खिंडीत ते नव्हतं. खिंडीत पोचले तेव्हा स्वच्छ ऊन होतं, समोर पिवळ्या गवताचं लांबच लांब पठार दिसत होतं. तेव्हाच तिने दगडावर नकाशा पसरून, चकती फिरवून वरच्या वस्तीची दिशा लावून ठेवली होती. जवळजवळ सरळ उत्तर, अंतर दीड किलोमीटर. खरं तर गरज नव्हती, नुसती हौस. दोन महिन्यांपूर्वी रुग्णालयातल्या मंडळींबरोबर ती एका शिबिराला गेली होती, तिथे एका निवृत्त खलाशाने दोन दिवस सगळ्यांना मैदानात गोलगोल फिरवून हे शिकवलं होतं. सासरे शेजारी उभे राहून हसत होते. "एकोणीस वर्षं चढलोय हा डोंगर. दर बुधवारी. मला दिशा विचार, मी सांगतो."

हे वाक्य घरात नवं नव्हतं. घरातच काय, सगळ्या गल्लीत त्यांना टपालदादा म्हणायचे ते त्यावरूनच. पाठीवर टपालाची थैली घेऊन दर बुधवारी डोंगर चढून वरच्या वस्तीला पत्रं पोचवणारा माणूस. निवृत्तीच्या वेळी त्यांना शाल दिली, वर्तमानपत्रात फोटो आला, ते कात्रण चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं होतं. तिचा नवरा लहानपणी शाळेत जायला कुरकुरला की त्याची आई म्हणायची, तुझे बाबा डोंगर चढतात आणि तुला कोपऱ्यावरची शाळा लांब होते? तो आता स्वतःच्या मुलीला तेच ऐकवायचा.

पुढच्या आठवड्यात टपालदादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी एकदा वर जाऊन यायचं असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. मुलगा म्हणाला, पलीकडून आता गाडीरस्ता झालाय, चाळीस मिनिटांत नेऊन सोडतो. ते म्हणाले, "गाडीने जायचं असतं तर दहा वर्षांपूर्वीच गेलो असतो." शेवटी तोड निघाली ती अशी, की सून त्यांच्याबरोबर पायी चढेल आणि मुलगा चार वाजता पलीकडच्या रस्त्याने गाडी घेऊन वस्तीत येईल.

आता दीड वाजत होता आणि धुकं असं आलं होतं की कुणी खोलीचा दिवा मालवावा. आधी लांबचं गवत गेलं, मग जवळचे दगड, मग वाटेचा पुढचा भाग. सासऱ्यांची पाठ सात-आठ पावलांवर राखाडी दिसत होती. तिने फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. नकाशाच्या जागी कोरा पांढरा चौकोन होता आणि त्यात एक निळा ठिपका आपला एकटाच थरथरत होता. तिने फोन परत पिशवीत टाकला.

दर शंभर पावलांनी ती होकायंत्राकडे पाहत होती. वाट डावीकडे वळत होती. थोडी, मग आणखी थोडी. नकाशावर डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, पठार संपत होतं आणि दाट तपकिरी रेघा एकमेकींना चिकटून खाली उतरत होत्या. खलाशाने सांगितलं होतं, रेघा चिकटल्या की समजायचं, तिथे उभा कडा आहे.

"बाबा, आपण फार डावीकडे जातोय का?"

"वाट जाते तशी जायचं."

"होकायंत्र म्हणतं..."

"ते काल दुकानातून आलंय. मी कधीपासून येतोय इथं?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि हा माणूस तिला एकदाही वावगा शब्द बोलला नव्हता. तिच्या रात्रपाळ्या असत तेव्हा नात त्यांच्याच कुशीत झोपायची. अशा माणसाला तुम्ही चुकताय म्हणून कसं सांगायचं, तेही त्यांच्या स्वतःच्या डोंगरावर? पाच मिनिटं थांबू, तिने ठरवलं. पाचाची दहा झाली. गवत कमी होऊन पायाखाली उघडा कातळ लागला. गुरांची वाट कातळावर फुटून चार दिशांना गेली आणि नाहीशी झाली.

तेवढ्यात वारा बदलला. आतापर्यंत तो बाजूने येत होता. आता तो खालून आला, गार आणि ओला, पायजम्याच्या पायांत शिरून वर चढला. सासऱ्यांच्या बुटाखालून एक दगड निसटला. तो घरंगळला, मग त्याचा आवाजच आला नाही. बराच वेळ आला नाही. आणि मग खूप खालून, कुणीतरी दार लावावं तसा, एकदाच आला.

तिने त्यांचा दंड धरला.

"मागे या. बाबा, मागे या. वळू नका, तसेच मागे या."

ते दोघं उलट्या पावलांनी दहा-बारा पावलं मागे आले आणि एका खडकाला टेकून खाली बसले. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता कळलं. कडा इकडे, म्हणजे वस्ती तिकडे." आणि त्यांनी काठी उजवीकडे फिरवली, मग जरा मागे, मग पुन्हा पुढे.

तिने होकायंत्र तळहातावर धरलं. "एक मिनिट. मी बघते."

ते तिच्या अगदी शेजारी सरकले, काठी तिच्या मनगटाला लागेल इतके. काट्याचं लाल टोक थरथरलं, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत सावकाश वळून भलतीकडेच जाऊन थांबलं.

"बघ," सासरे म्हणाले. "बघितलंस? आत्ता कुठं होता आणि आता कुठं गेला. ज्याच्याकडे वाटेल त्याच्याकडे वळतो. याच्यावर जीव टांगायचा?"

ती काट्याकडे पाहत राहिली. मघापासून ज्याच्या भरवशावर तिने मनातल्या मनात त्यांना चूक ठरवलं होतं, ते हे असं फिरणारं? मग आपण कुठे आहोत? कडा तरी खरंच पश्चिमेचा आहे का? पंधरा वर्षं ती यंत्रांजवळ काम करत होती. एक्स-रेच्या खोलीत रोज माणसं म्हणत, काही नाही हो, नुसतं मुरगळलंय, आणि फिल्मवर हाड मोडलेलं दिसे. तिथे कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्नच नसायचा. पण फिल्म हललेली असली तर ती टाकून दुसरी काढता येते.

खलाशी म्हणाला होता, शंका आली तर आधी स्वतःची झडती घ्या, मग यंत्राची. खिशात काय आहे, गळ्यात काय आहे, कमरेला काय आहे.

तिने काठीकडे पाहिलं. खाली लोखंडी टोक होतं आणि मुठीखाली चांगलं दोन बोटं रुंद लोखंडी कडं.

"बाबा, काठी द्या जरा."

"कशाला?"

"द्या तर."

त्यांनी दिली, पण अशी, की अंगातलं काहीतरी काढून द्यावं. तिने काठी सात-आठ पावलांवर नेऊन कातळावर आडवी ठेवली आणि ती परत येऊन बसली. एक्स-रेच्या खोलीत दिवसातून पन्नास वेळा ती माणसांना सांगायची, श्वास रोखा. आता तिने स्वतःचा रोखला. काटा हलला, डोलला, आणि पहिल्या जागी येऊन टेकला. तिने उठून काठी आणली. काटा वळला. पुन्हा नेऊन ठेवली. काटा परत आला. असं तिने तीनदा केलं.

"तुमच्या काठीकडे बघत होतं ते," ती म्हणाली. "एरवी बरोबर आहे."

"बरं."

"आता मला सांगा, तुम्ही पूर्वी यायचात तेव्हा वस्तीजवळ काय दिसायचं? काही खूण? झाड, विहीर?"

"मोठं झाड होतं एक."

"वाटेच्या कुठल्या बाजूला?"

"डावीकडे." ते थांबले. "म्हणजे येताना उजवीकडे."

"आणि इथून वस्ती कुठे असेल? अंदाजे?"

त्यांनी हात उचलला आणि धुक्यावरून सबंध पंजा फिरवला, भिंतीला रंग देताना फिरवतात तसा. आणि तिला एकदम ओळखीचं काहीतरी दिसलं. रुग्णांना ती रोज विचारायची, नेमकं कुठे दुखतं. ज्याला माहीत असे तो एका बोटाने दाखवी. ज्याला माहीत नसे तो पंजा फिरवी.

"बाबा," ती म्हणाली, "एका बोटाने दाखवा."

त्यांनी बोट वर केलं. ते बोट थोडा वेळ हवेत राहिलं, डावीकडे गेलं, उजवीकडे आलं. मग त्यांनी ते खाली घेतलं आणि मुठीत मिटलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"विसरलात?"

"विसरायला आधी माहीत असावं लागतं."

वारा खालून येत होता. तिला वाटलं, थकव्याने बोलताहेत. तिने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, उघडली नाही, दोन्ही हातांत फिरवत राहिले.

"नोकरीला लागलो तेव्हा चार महिने आलो. गुराख्यांच्या मागे मागे. मग एका बुधवारी एकटा निघालो आणि असंच धुकं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गुराख्याने शोधून काढलं मला. इथंच कुठंतरी होतो, कड्यापासून चार हातांवर. रात्रभर पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. थैलीवर बसलो होतो, ती भिजू नये म्हणून." ते हसल्यासारखे झाले. "त्याच्या पुढच्या बुधवारी पायथ्याशी आलो आणि पायच उचलेनात. पाणी झालं पायांचं. बसून राहिलो. वरच्या वस्तीतली एक बाई दूध घालायला खाली यायची. रिकाम्या बरण्या घेऊन परत चालली होती. तिने विचारलं, काय रे, बरं नाही का? मी म्हटलं, चमक भरलीय. तिने थैली घेतली आणि गेली वर."

"त्या दिवशी."

"त्या दिवशी. मग पुढच्या बुधवारी. मग पुढच्या."

तिने हिशेब करायचा टाळला, पण तो आपोआप होऊन गेला. एकोणीस वर्षांचे बुधवार.

"सगळ्या बुधवारी?"

"सगळ्या. रजिस्टरच्या सह्यासुद्धा तीच आणून द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी. कधी कुणाला बोलली नाही. मीही तिला कधी काही बोललो नाही."

"मग तुम्ही दिवसभर काय करायचात?"

"बसायचो. लवकर घरी गेलो तर लोक विचारतील ना. पायथ्याच्या ओढ्यापाशी बसायचो, संध्याकाळ झाली की बुटांना चिखल लावायचा आणि निघायचं." बाटली त्यांच्या हातात फिरायची थांबली. "तुझ्या सासूबाई दर बुधवारी कोमट पाण्याचं घमेलं तयार ठेवायच्या. माझे पाय त्यात बुडवून चोळून द्यायच्या. मी देऊ द्यायचो."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. रागवावं, की त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, की हसावं, हे सुनेला कळेना, आणि त्या तिन्हींपेक्षा मोठी भीती तिच्या मानेवर बसली होती. आतापर्यंत, सगळं खरं असलं तरी, एक आधार होता. होकायंत्र चुकलं तरी बाबांना वाट माहीत आहे. तो आधार आता त्यांनीच काढून घेतला होता. या पठारावर वाट माहीत असलेलं कुणीच नव्हतं.

"मग आज कशाला आलात, बाबा?"

"ऑपरेशनच्या वेळी भूल देतात. माणूस त्यात काय बरळेल नेम नाही, असं ऐकलंय. तिला आधी भेटावं म्हटलं. स्वतःच्या पायांनी. पाय आहेत तोवर." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

तिने नकाशा काढून मांडीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"आधी इथून निघू," ती म्हणाली.

आपण कड्याच्या काठाशी आहोत, एवढं नक्की. काठावर नेमकं कुठे, ते माहीत नाही. पण वस्तीच्या अंगणावरून एक ओढा वाहत येत होता, पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि कड्यावरून खाली पडत होता. नकाशावर तो निळा होता, दोरा टाकल्यासारखा. थेट वस्ती गाठायला गेलो आणि चुकलो, तर वस्ती डावीकडे राहिली की उजवीकडे ते कळणार नाही. म्हणून मुद्दाम उजवीकडे धरून जायचं. ओढा लागणारच. लागला की डावीकडे वळून पाण्याबरोबर चालायचं. मैदानात हे शिकवलं तेव्हा तिला ते फार चतुर वाटलं होतं. आता तिने चकती उत्तरेच्या उजवीकडे पस्तीस अंशांवर फिरवली. तिने आकडा दोनदा वाचला, मग सासऱ्यांना वाचायला लावला.

"पस्तीस," ते म्हणाले.

"काट्याचं लाल टोक चकतीवरच्या चौकटीत आहे?"

"आहे."

"दोन हजार पावलं. मी पुढे. तुम्ही माझ्या मागे पाच-सहा पावलांवर राहा, काठी जवळ आणू नका. आणि मी दिसेनाशी झाले तर जागेवर उभे राहून हाक मारा."

"बरं," ते म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या मागे चालत होते.

ती बाणाच्या रेषेत दिसणारा सगळ्यात लांबचा दगड निवडायची. लांबचा म्हणजे वीस-पंचवीस पावलांवरचा. त्याच्यापर्यंत जायची, थांबायची, मागे काठीचा आवाज जवळ येईपर्यंत वाट बघायची, पुन्हा होकायंत्र धरायची. दगड, झुडूप, पुन्हा दगड. कधी काहीच नसे, तेव्हा गवताचा एखादा उंच झुबका. पावलं ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. शंभर झाली की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात.

सहाशे पावलांवर तिची खात्री पटली की आपण चुकीच्या दिशेने चाललोय. कारण काही नव्हतं. नुसती खात्री. सगळं अंग सांगत होतं की वस्ती मागे उजवीकडे आहे, आणि अंग इतक्या ठामपणे सांगत होतं की तिचा पाय एकदा खरंच तिकडे वळला. तिने खाली पाहिलं. काटा चौकटीबाहेर गेला होता. ती उभी राहिली, पाय जुळवून, काटा आत येईपर्यंत वळली आणि पुढे निघाली, आणि प्रत्येक पाऊल तिला उतारावर उलटं चालल्यासारखं वाटलं.

"काय झालं?" मागून आवाज आला.

"काही नाही."

"भीती वाटतेय?"

"हो."

"मलाही," सासरे म्हणाले. आणि जरा वेळाने, "चल तू."

हजार झाली. पंधराशे झाली. सासऱ्यांचा गुडघा आता वाजत असावा, काठीच्या प्रत्येक टेकण्याबरोबर ते नाकातून हुं करत होते. दोन हजारावर ती थांबली आणि कान दिले. पाण्याचा आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता. दोन हजार दोनशे. आपली पावलं तोकडी पडत असतील, त्यांच्यासाठी थांबत थांबत चालतोय, तिने स्वतःला समजावलं. दोन हजार चारशे. खडे संपले होते. ती उजव्या खिशातले परत डाव्यात टाकू लागली. सव्वातीन वाजले होते. चार वाजता नवरा वस्तीत येऊन उभा राहील, साडेचारला हाका मारू लागेल, आणि मग एकटाच या धुक्यात शिरेल.

"बाबा, पाणी ऐकू येतंय का हो?"

"नाही."

"आत्तापर्यंत यायला हवं होतं."

ती आणखी सात-आठ पावलं गेली. जमीन किंचित खोलगट झाली, पायाखाली दगड कुरकुरले, मग जमीन पुन्हा वर आली. ती पुढचा झुबका निवडत होती, तेवढ्यात मागे काठीचा आवाज थांबला.

"सूनबाई, थांब."

वळून पाहिलं तर ते खोलगट जागेत वाकले होते. दुखरा पाय लांब करून, एका गुडघ्यावर. त्यांनी एक दगड उचलला होता आणि अंगठ्याने चोळत होते.

"हा हातात धर."

तिने धरला. गार, गुळगुळीत, अंड्याएवढा.

"वरचे दगड बघ, कसे बोचरे आहेत. हे सगळे गोल. असे आपोआप होतात का? हा ओढाच आहे, पोरी. वाळलाय." ते काठीच्या आधाराने उठले. "ओलांडून चालली होतीस तू."

आणखी शंभर पावलं, आणि ती पुढे गेलीच असती, मोजत, बाणाकडे बघत, पठाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत. काटा एकदाही खोटं बोलला नव्हता. तिनेच पाण्याची वाट बघितली होती, ओढ्याची नाही.

"पण पाणीच नाही तर ते वाहतं कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. नकाशाने ते आधीच सांगितलेलं होतं. तरी तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ते थोडे चालले, एका झुडपापाशी वाकले. झुडपाच्या बुंध्याला एका बाजूने वाळक्या काड्या, गवत, पानं घट्ट अडकून बसली होती.

"कचरा वरून येतो आणि अडतो. म्हणजे पाणी इकडून तिकडे." आणि त्यांनी दाखवलं, एका बोटाने. डावीकडे.

ओढ्याच्या पात्रातून ते जवळजवळ एकमेकांना धरूनच चालले. या पात्राच्या शेवटी तोच कडा होता, हे दोघांनाही माहीत होतं. मग धुक्यात आधी वास आला, लाकडाच्या धुराचा. मग एक कुत्रं भुंकलं. मग दगडी कुंपण, आणि कुंपणाला टांगलेलं एक निळं प्लास्टिकचं पिंप. सुनेने त्या पिंपावर हात ठेवला आणि काही क्षण तशीच उभी राहिली.

वस्ती म्हणजे आठ-नऊ घरं होती, निम्म्यांना कुलपं. धूर येत होता ते शेवटचं घर. दारात उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर दोरीचा गुंता, तो सोडवत. दोन बोकड तिच्या शेजारी.

"कोण?" तिने मान वर न करता विचारलं.

सासरे कुंपणापाशी थांबले. एवढं पठार चालून आलेला माणूस शेवटच्या दहा पावलांना अडला. त्यांनी घसा साफ केला.

"टपाल," ते म्हणाले.

म्हातारीचे हात थांबले. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं, काठीकडे, गुडघ्याकडे, बुटांवरच्या मातीकडे. मग तिच्या तोंडावर असं हसू पसरलं की सगळ्या सुरकुत्या जागा बदलून बसल्या.

"आज स्वतः आणलंस होय?" ती म्हणाली. "ये. पाय दुखले असतील."

आत चुलीजवळ तिने दोघांना चहा दिला. वस्तीची बातमी सांगितली, कोण खाली राहायला गेलं, कोण गेलंच. सासरे हुंकार देत होते. दोन-तीनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारीने ते पाहिलं असावं, कारण ती मध्येच म्हणाली, "अरे, मी तशीही वरच येत होते ना. रिकाम्या बरण्या होत्या. त्यात तुझी थैली किती जड?" आणि पुन्हा दोरीचा गुंता मांडीवर घेऊन बसली.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. इथे रेंज होती. नवऱ्याचा आवाज गाडीच्या आवाजात मिसळून आला, मोठा आणि आनंदी.

"पोचलात? मी वळणापाशी आलोय, वीस मिनिटं. केवढं धुकं आहे गं! मला तर वाटलं चुकलात. पण म्हटलं बाबा आहेत बरोबर, त्यांना काय, डोळे मिटून नेतील. नेलं ना?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. आवाज एवढा मोठा होता की खोलीत सगळ्यांना ऐकू गेला होता. म्हातारी दोरीकडे बघत होती. सुनेच्या जिभेवर "हो" होतं. फक्त हो. एक अक्षर, आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. कात्रण भिंतीवर, लहानपणीची ती वाक्यं, सगळं.

"अगं, ऐकू येतंय का?" नवरा विचारत होता.

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. ती क्षणभर तशीच राहिली. मग तिने फोन त्यांच्या तळहातावर ठेवला आणि ती उठून बाहेर आली.

बाहेर अजून तसंच होतं, कुंपणापलीकडे काही दिसत नव्हतं. दारातून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"गाडी चालवतोयस ना? आधी बाजूला घे. घे म्हणतो ना. घेतलीस?"

पुढचं कानावर पडू नये म्हणून ती अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत चालत गेली.